'कॅरेक्टर'ला मराठीत काय म्हणायचं? अक्षर, वर्ण की चिन्ह?

युनिकोडवर, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक कॅरेक्टरला क्रमांक देणाऱ्या मानकावर, मराठीत लेख लिहितेय, त्यात कॅनडातल्या क्री आणि इनुक्टिटुट भाषांच्या सिलॅबिक्स लिपीचं उदाहरण घेतलंय. या लिपीत 'प'ची खूण बाणाच्या टोकासारखी, टोक डावीकडे असलं की प, वर पि, उजवीकडे पो, खाली पे, म्हणजे मात्रा लावत नाहीत, अख्खी खूणच फिरवतात. यातलं उजव्या टोकाचं 'पो' युनिकोडात हेक्स (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) १४३३ वर आहे. १९९९च्या ३.० आवृत्तीत ही लिपी आली. मी लिहिलं, 'या अक्षराचा क्रमांक १४३३', पण 'अक्षर' खटकतंय.

---

खटकायलाच हवं. अष्टाक्षरीत आपण 'स्त्री' हे एकच अक्षर मोजतो ना, युनिकोडात मात्र ती सहा कॅरेक्टर आहेत, स, हलन्त, त, परत हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. क्रीमधलं 'पि' आपल्या अर्थाने अक्षर आणि युनिकोडचं कॅरेक्टरही एकच, म्हणून तिथे चूक दिसत नाही एवढंच. 'अक्षर' हा शब्द सिलॅबलसाठीच, म्हणजे एका दमात उच्चारायच्या तुकड्यासाठीच राखून ठेवा, मला तर वाटतं सिलॅबिक्सला 'अक्षरलिपी' इतका नेमका शब्द दुसरा मिळणार नाही. १८४०च्या सुमारास ही लिपी छापात आणणाऱ्या जेम्स इव्हान्सला देवनागरीची ओळख होती असं मानतात, क्री लोकांच्या परंपरेत मात्र ती त्यांच्याच एका पूर्वजाला मिळालेली देणगी आहे, लेखात दोन्ही द्या प्लीज.

---

मग वर्ण?

---

वर्ण अजिबात नको, वर्ण म्हणजे ध्वनी. तेच १४३३ इनुक्टिटुटमध्ये 'पु' वाचतात, कारण त्या भाषेत स्वर तीनच, अ, इ, उ. युनिकोडने नाव क्रीच्या वळणाने 'पो' ठेवलंय आणि एकदा दिलेलं नाव युनिकोड बदलत नाही. उच्चार दोन, खूण एक, तर 'चिन्ह'च म्हणा. शिवाय शब्दाच्या शेवटी नुसतं व्यंजन आलं की छोटी खूण वर लिहितात, तिलाही वेगळा क्रमांक आहे, आणि ती एकटी अक्षर होत नाही.

---

ही छोटी खूण माझ्या लक्षातच नव्हती आली, खूप आभार. वाक्य असं बदललंय: 'अक्षरलिपीतल्या या चिन्हाचा युनिकोड क्रमांक १४३३, क्रीमध्ये उच्चार पो, इनुक्टिटुटमध्ये पु.'