माळकरी घर, यात्रेतली खेळणी आणि शेजारचा टीव्ही: तुमचेही अनुभव लिहा

भिरभिरं
काल लेकीच्या शाळेबाहेर भिरभिरेवाला दिसला आणि आळंदीची कार्तिकी आठवली. आमचं घर माळकरी. दादा मुंबईला गिरणीत बदली कामगार. १९८२च्या संपात तेही गेलं, मग गाव गाठलं. टीव्ही घेण्याचा विषयच नव्हता. शेजारी रविवारचा पिक्चर रंगात आला की आमच्याकडे हरिपाठ सुरू. एक कान 'देवाचिये द्वारी'ला, दुसरा भिंतीला.
यात्रेत डमरू वाजवणारं चावीचं माकड मागितलं, तर दादा म्हणाले, "माळकऱ्याच्या पोरांनी असलं खेळू नये." चिपळ्या मिळाल्या. त्यांच्या आम्ही मगरी केल्या.
मग १९८७ला रामायण लागलं. रविवारी साडेनऊच्या आत आंघोळी उरकून दादाच आम्हाला शेजारी न्यायचे. चपला बाहेर, टीव्हीला हार, उदबत्ती. मधे जाहिराती लागल्या की दादा डोळे मिटून नामस्मरण करायचे. आम्ही जाहिराती पाठ करायचो. लिहा तुम्हीही.

चाळवाला
फुकट बघायचात?? आमच्याकडे चार आणे घ्यायचे. पण आजीकडे मागायची कुणाची छाती नव्हती. तिला पुढे घालायचं नि मागून आम्ही सहा जण आत.

वसईची सून
आमच्याकडे रोजरीच्या वेळी टीव्हीचं लाकडी शटर बंद. आवाज बारीक करून आत चालूच ठेवायचा भाऊ. एकदा 'नमो मरिये'च्या मधेच आतून चौकार गेल्याची बोंब 😂 त्या रात्री सगळे जास्तीचे गुडघे टेकून.

नमो नमः
चौकार कोणी मारलेला

वसईची सून
ते विचारायची सोय होती का!

दर्यावर्दी
रत्नागिरी. अब्बा टीव्हीला सैतानाचा डबा म्हणायचे. बाहुलीसुद्धा नको, डोळे-नाक असलेली तर नाहीच. आईने चिंध्यांची शिवली, तोंड कोरं. पुढे नानी आली आणि म्हणाली, बीबी आयशा लहानपणी बाहुल्यांशी खेळायच्या, हदीसमध्ये आहे. अब्बा गप्प. नानीने स्वतः काजळाने डोळे काढले, एक मोठा एक बारीक. आणि हेच अब्बा १९९८ला शारजाची मॅच बघायला सैतानाच्या डब्यासमोर, शेजाऱ्यांच्या ओटीवर, रात्री उशिरापर्यंत.

पुणेरी पाटी
शारजा म्हणजे वाळूचं वादळ झालं ती का? सचिन १४३! फायनल दोन दिवसांनी, त्यात १३४. वाढदिवस होता त्याचा.

भिरभिरं
धागा खेळण्यांचा आहे हो 🙏

स्वयंपाकघरातून
वाचता वाचता भाजी लागली खाली. नंतर लिहिते.

चाळवाला
भिरभिरं, एक विचारू? ते माकड खरंच माळेमुळे नाही मिळालं? आमच्याकडेही "देवाला चालत नाही" असंच ऐकत मोठे झालो. फटाके देवाला चालत नाहीत, सायकल चालत नाही. शेंगदाण्याचा लाडू मात्र चालायचा, घरात शेंगा होत्या म्हणून.

भिरभिरं
माहितीये. आई सांगायची, दादा त्या माकडापाशी दोनदा जाऊन किंमत विचारून आले होते.

दर्यावर्दी
😔 आमच्यात "हराम" म्हटलं की भाव विचारायची गरजच उरायची नाही.

स्वयंपाकघरातून
आले. आमचं वेगळंच. वडील भिक्षुकी करायचे. श्रावणात दक्षिणेतून सुट्टे उरले तर तुळशीबागेतून भातुकलीचं एकेक भांडं. पोळपाट आधी मिळाला, लाटणं पुढच्या श्रावणात. वर्षभर पेन्सिलीने लाटलं. नैवेद्य दाखवल्याशिवाय भातुकलीतलंही खायचं नाही, चुरमुऱ्याभोवती पाणी फिरवायचे मी.

वसईची सून
तुमची भातुकली पितळी का लाकडी? भाचीला लाकडी हवीये.

नमो नमः
लाकडी असेल तर सावंतवाडी, चितार आळी. लाकडी फळंही घ्या, पाहुणे फसतात.

वसईची सून
कुरिअर करतात का? मे महिन्यात जाणारं कोणी आहे का इथे?

पुणेरी पाटी
मी जातोय. यादी पाठवा, पैसे आधी.