कोलाडला कुंडलिकेत पोहायचंय, कुठे उतरावं?

सह्यवेडी:
पुढच्या रविवारी ऑफिसचे पाच-सहा जण पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोलाडला जातोय. राफ्टिंग झालं तर झालं, पण खरी हौस आहे ती खळाळत्या पाण्यातून नुसतं वाहत जायची. पोहता सगळ्यांना येतं (टँकमध्ये 😅). मे महिन्यात पाणी असतं का, आणि राफ्टिंगवाल्यांना न विचारता एखाद्या गावापाशी उतरलं तर चालतं का?

रोहेकर:
अहो ताई, पावसाळा सोडला तर कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्राच्या हातात. ताम्हिणीला येताना रस्त्याकडेला मुळशीचा तलाव दिसतो ना, त्याचंच पाणी डोंगरातून खाली टाटांच्या पॉवरहाऊसला येतं, टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत सुटतं, १९२७ पासून हेच चालू आहे. सकाळी पाणी सुटलं की नदी भरते, राफ्ट त्याच पाण्यावर जातात, ओसरलं की परत गोटे उघडे. गंमत (खरं तर भीती) अशी की पाणी यायच्या आधी पात्र एकदम गरीब दिसतं, पब्लिक मधल्या खडकावर डबे उघडून बसतं आणि वर आभाळात ढगाचा पत्ता नसताना पाणी चढतं. आमच्याकडच्या बायका कपडे धुताना काठचा एक ठरलेला दगड बघत असतात, तो भिजायला लागला की पिळे बादलीत टाकून सरळ वर.

कातळ:
एवढं काय घाबरवताय, आम्ही लहानपणी कोंडात (नदीतल्या खोल डोहात) उड्या मारूनच पोहायला शिकलो.

रोहेकर:
@कातळ कोंड वेगळा आणि खळाळ वेगळा राव. आणि तुम्हाला कोंडाचा तळ पाठ होता, यांना काठ पण माहीत नाही.

काठावरचा:
टँकचं पोहणं तिथे फारसं कामाला येत नाही. खळाळात हात मारत बसायचं नाही, उताणं व्हायचं, पाय पुढे म्हणजे पाणी जातंय त्या बाजूला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत आणि ढुंगण वर उचललेलं, नाहीतर गोटे हिशोब चुकता करतात. सगळ्यात महत्त्वाचं, कमरेएवढं पाणी दिसलं म्हणून उभं राहायला जाऊ नका. पाऊल दोन गोट्यांच्या फटीत अडकतं, मागून पाणी पाठ रेटतं आणि माणूस तोंडावर पाण्याखाली, तेही तीन फुटात. काठाला यायचं तर धारेशी भांडू नका, तिरकं तिरकं कापत या. पाण्यात आडवं झाड दिसलं तर लांबूनच चुकवा, पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

माझं मत विचाराल तर राफ्टिंगच घ्या. जॅकेट-हेल्मेट मिळतं आणि खळाळ संपून पाणी संथ झालं की गाईड स्वतःच म्हणतात मारा उड्या. फक्त जॅकेटचे पट्टे आवळून घ्या, खांद्याला धरून कुणीतरी वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर ढिलं आहे.

सह्यवेडी:
थँक्स सगळ्यांना. ग्रुपमध्ये टाकलं, दोघं लगेच "आम्ही काठावर बसून फोटो काढू" म्हणाले 😂 मग राफ्टिंगच करू. किती वाजता पोहोचावं?

रोहेकर:
आदल्या संध्याकाळी बुकिंगवाल्याला फोन करून पाणी कधी येतंय विचारा, विजेच्या मागणीप्रमाणे वेळ मागेपुढे होते. आणि त्या दोघांना सांगा, काठ म्हणजे खडक नव्हे, वर झाडाखाली बसा.