मदत हवी आहे : नेत्रदानानंतरची नोंद कुठे मिळते?

राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यात आम्ही काही जण नेत्रदानाचं काम करतो. फोन आला की पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस आणि ६ तासांच्या आत पथक. वहीत नाव, वय, मृत्यूची वेळ असते. पुढचा रकाना कोराच. बुबुळ कुणाला बसवलं की संशोधनाला गेलं? प्रत्येक बुबुळ बसवण्याजोगं नसतं हे ठाऊक आहे, पण घरचे दशक्रियेला विचारतातच. (घेणाऱ्याचं नाव नको, ते गुप्तच बरं.)

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ ला दुरुस्ती होऊन दाते आणि घेणाऱ्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद झाली. त्यातले जळगाव, धुळे, नंदुरबारचे आकडे वेगळे मिळतात का? माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करावा की थेट दिल्लीला नोटोकडे (राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेकडे)? नेत्रपेढीत कुणी असेल तर तुमच्या फॉर्ममधले रकाने तेवढे सांगा.