आधी भाड्याने राहून भाग पारखा

दादा, सांगलीत आठ हजार भाडं भरत राहावं की २५ लाखांचं कर्ज काढून फ्लॅट घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे. भाडं म्हणजे वाया गेलेला पैसा, हे बऱ्याच जणांचं मत मला पटत नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण २१,७०० रुपये बसतो. पहिल्या महिन्यात त्यातले सुमारे १७,७०० नुसतं व्याज! तेही परत येत नाहीच की. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, महिन्याचा मेंटेनन्स.

पण माझी खरी काळजी पाण्याची आहे. २०१९ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. आम्ही तेव्हा सांगलीच्या नदीजवळच्या गावभागात भाड्याने होतो. पाणी ओसरल्यावर भिंतीवरची चिखलाची रेघ स्विचबोर्डाच्या वर होती, गव्हाची कोठी आंबून फुगलेली. आम्ही टेम्पो करून सांगलीतच विश्रामबागला आलो. घरमालकांना कुठे जाता येणार होतं?

म्हणून फ्लॅट जिथे घ्यायचा आहे, त्याच भागात एक पावसाळा भाड्याने काढा. शेजाऱ्यांना २००५, २०१९ आणि २०२१चं पाणी कुठवर आलं ते विचारा. तोवर हप्ता आणि भाडं यांतला फरक दरमहा आरडीत टाका. तो जड गेला, तर हप्ताही जडच जाईल. घ्यायचं ठरलंच तर वहिनींच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.