७१ च्या लढाईत बेपत्ता झालेल्या जवानाची माहिती कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. माझ्या आजीचा धाकटा भाऊ १९७१ ला पश्चिम आघाडीवर होता, मराठा पलटणीत. 'बेपत्ता, बहुधा ठार' अशी तार आली आणि पुढे काहीच नाही. आजी ऐंशीच्या पुढे आहे, दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, पण पितृपक्षात त्याचं नाव घेऊ देत नाही. त्यावरून घरात दरवर्षी वाद होतात. ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपल्या ताब्यात असताना आपली माणसं तिकडे राहिली हे खरंय का? आणि चौकशी कुठे करायची?

कोयनाकाठ: सरकारी यादीत ५४ नावं आहेत, म्हणून 'मिसिंग ५४' म्हणतात. पाकिस्तान कायम म्हणतं आमच्याकडे कोणी नाही. पण मेजर अशोक सुरींच्या वडिलांना १९७४ च्या डिसेंबरात मुलाच्या हातची चिठ्ठी मिळाली, म्हणजे लढाई संपून तीन वर्षं झाल्यावर! आपले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, ५ डिसेंबर ७१ ला त्यांचं विमान पडलं, पकडलेल्या वैमानिकांमध्ये त्यांच्यासारखं नाव तिकडच्या पेपरात छापून आलं होतं. दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, त्या बाईंनी आयुष्यभर पाठपुरावा केला. २००७ ला नातेवाईक तिकडच्या तुरुंगांत जाऊन आले, कोणी सापडलं नाही. जिनिव्हा करार सांगतो लढाई थांबली की कैदी विनाविलंब सोडा, आपण ते ९३ हजार परत पाठवले, मग या ५४ जणांचा हिशोब आधी का नाही मागितला याचा मला आजही राग येतो.

माजी_सुभेदार: बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथे लेखी अर्ज करा. आर्मी नंबर, हुद्दा, बटालियन लिहा, तारेची झेरॉक्स जोडा. अर्ज जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

मीनाताई: पितृपक्षाचा विषय आजींपुढे काढूच नका हो. सात वर्षं काही कळलं नाही की कायदा माणूस गेला असं धरू शकतो, बहिणीने का धरावं? माझ्या आत्याने नवऱ्याची पेन्शन कितीतरी दिवस उचलली नव्हती, सही केली तर आपणच त्यांना मारल्यासारखं होईल म्हणायची, आणि घरचे तिलाच वेडी ठरवायचे. त्यापेक्षा आजींना बोलतं करा, भाऊ कुणाबरोबर भरती झाला, सुट्टीला आल्यावर कुणाची नावं घ्यायचा, सगळं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यातला एखादा पलटणवाला अजून गावाकडे असेल तर अर्जाआधी त्याला जाऊन भेटा.