एएफपी वाढला म्हणजे कॅन्सरच का? सिरोसिसवाल्यांच्या घरच्यांनी बोला

राजेंद्रनगर, इंदूर:
बाबांना हेपेटायटिस बी मुळे सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झालंय. परवा एएफपी (लिव्हर कॅन्सरच्या संशयासाठी करतात ती रक्ताची टेस्ट) 68 आला, नॉर्मल 10 च्या आत असतो, आणि आई तेव्हापासून तो कागद देवापाशी ठेवून बसलीये. डॉक्टर म्हणतात लिव्हरला सूज असली तरी वाढतो, सूज दाखवणारा एसजीपीटी पण 140 आहे. माझं मत स्पष्ट आहे, कॅन्सर की सिरोसिस हे ह्या टेस्टवर ठरतच नाही, मग दर सहा महिन्यांनी घरच्यांचा जीव टांगणीला कशाला लावायचा? सोनोग्राफी पुरे.

सुदामानगरची सून:
नाही दादा, हे पटलं नाही. माझ्या सासऱ्यांचा आधी 12 होता, मग 31, मग 90, आणि एसजीपीटी मात्र नॉर्मलच. सोनोग्राफीत पोटातल्या गॅसमुळे अर्धं लिव्हर दिसलंच नव्हतं. त्या चढत्या आकड्यांवरूनच ट्रिपल फेज सीटी (शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन टप्प्याटप्प्यानं काढतात तो स्कॅन) झाली आणि 2 सेंमीची गाठ सापडली. टेस्ट केली नसती तर कळलं असतं का, सांगा.

लॅबवाली ताई:
मी रोज हे सॅम्पल लावते. 400 च्या वर गेला तर संशय दाट, पण मधल्या आकड्यांत सिरोसिसवाले आणि कॅन्सरवाले दोन्ही सापडतात. आणि लिव्हर कॅन्सरच्या बऱ्याच पेशंटांचा एएफपी नॉर्मलच राहतो, म्हणून नॉर्मल आला की लोक पेढे वाटतात ना, त्याचीच मला जास्त भीती वाटते. चेकअप पॅकेजमधला सीए 125, ओव्हरीच्या कॅन्सरसाठी करतात तो, तर सोडाच, पोटात पाणी झालं की तो चढतोच, मग बाई बिचारी ओव्हरीच्या धास्तीनं रडत येते.

सुदामानगरची सून:
ताई, म्हणून तर पिव्का आणि एएफपी-एल3 ह्या लिव्हर कॅन्सरच्याच आणखी दोन रक्ताच्या टेस्ट सोबत करतात, तिन्ही मिळून जास्त पकडतात.

लॅबवाली ताई:
पकडतात, मान्य. पण पिव्का वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू असेल तरी वाढतो, व्हिटॅमिन के कमी असेल, पित्त अडकून कावीळ झाली असेल तरी वाढतो. सिरोसिसमध्ये निकाल सीटी नाहीतर एमआरआयच देतं, गाठ आधी उजळते आणि नंतरच्या फेजमध्ये आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. तिथंही स्पष्ट नसेल तर बायोप्सी.

राजेंद्रनगर, इंदूर:
ठीक, टेस्ट बंद करा हे मी मागे घेतो, पण एका आकड्यावर कॅन्सर म्हणू नये ह्यावर ठाम आहे. बाबांचे जुने रिपोर्ट काढले, मागच्या वेळी 22 होता आणि तेव्हा एसजीपीटी पण कमी होता. गुरुवारी सीटी आहे, कॉन्ट्रास्टसाठी आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, करायला सांगितलंय.