विटांच्या भिंतीवर किचनची कपाटं टांगायची आहेत: गिट्टी, फास्टनर की केमिकल? मदत हवी आहे

ओट्याच्या वर दोन कपाटं बसवायची आहेत. प्रत्येक ९० सेंमी रुंद, ७२ उंच, ३२ खोल. १८ मिमी प्लाय. रिकामं एक कपाट वजनकाट्यावर ठेवून पाहिलं, २६ किलो भरलं. त्यात डबे, ताटं, काचेच्या बरण्या येणार, म्हणजे ७५ किलो धरून चाललो आहे. खाली उभी राहून आई स्वयंपाक करते, त्यामुळे "बसेल बहुतेक" एवढ्यावर मला थांबायचं नाही.

सुतार म्हणतात ८ मिमीची गिट्टी (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी, स्क्रू आत गेला की फुगून घट्ट बसते) आणि दीड इंची स्क्रू पुरे. मी हिशेब केला. दीड इंच म्हणजे ३८ मिमी. त्यातले १८ कपाटाच्या मागच्या पट्टीतच जातात, उरले २०. भिंतीला एक भोक पाडून पाहिलं तर पहिले १८ मिमी पांढरी भुकटी आली, मग लाल. म्हणजे विटेत स्क्रू जेमतेम २ मिमी शिरणार! सगळा भार प्लास्टरवरच ना मग?

दुसऱ्या भोकात ड्रिल एकदम आत गेलं आणि भुकटी राखाडी, वाळूसारखी आली. तिथे गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरते. वीट भरीव आहे, पण घर जुनं असल्यामुळे मऊ वाटते. दुकानात लोखंडी अँकर फास्टनर दाखवले, शिवाय केमिकलची नळीही (भोकात भरायचा, वाळून कडक होणारा चिकट लगदा). जास्त मजबूत म्हणून फास्टनरच घ्यावेत का? आणि ते फसलेलं भोक कसं सुधारू?

प्रतिसाद १

हिशेब बरोबर आहे तुमचा. प्लास्टर धरायचंच नाही, ते फक्त ओलांडायचं. पट्टी १८, प्लास्टर १८ आणि विटेत किमान ५० मिमी, म्हणजे १० मिमीची लांब नायलॉन गिट्टी आणि ६ किंवा ७ मिमी जाडीचा १०० मिमी स्क्रू. गिट्टीचा फुगणारा भाग पूर्ण विटेत गेला पाहिजे.

लोखंडी फास्टनर मऊ विटेत नको. तो काँक्रीटसाठी चांगला. एकाच जागी जोरात फाकतो, आणि वीट कडेला असेल तर तडकते. नायलॉन लांबभर दाब देतं, म्हणून विटेला सोसतं.

भार कसा पडतो तेही बघा. ७५ किलोचा मध्य भिंतीपासून साधारण १६ सेंमीवर आणि वरचा स्क्रू कपाटाच्या खालच्या कडेपासून ६५ सेंमीवर. ७५ × १६ ÷ ६५, म्हणजे वरचे स्क्रू बाहेर ओढणारा जोर सगळा मिळून १८ किलोच्या आसपास. बाकी वजन स्क्रूला खाली दाबतं. पण खालची कड भिंतीला घट्ट टेकलेली हवी, भिंत वाकडी असेल तर तिथे फळीचा तुकडा द्या. आणि कोणी दार धरून ओढेल, म्हणून चौपट ताकद धरून चला.

प्रतिसाद २

राखाडी भुकटी म्हणजे ड्रिल दोन विटांच्या सांध्यात गेलं. ते भोक सोडा, विटेच्या मधोमध नवीन पाडा. जागा बदलताच येत नसेल तरच केमिकल, आणि त्याआधी भोक ब्रशने घासून फुंकून साफ करायचं, नाहीतर ते भुकटीलाच चिकटतं.

माझा आग्रह मात्र वेगळा आहे: सलग लोखंडी पट्टी भिंतीला मारा आणि कपाटं तिच्यावर अडकवा. मग भोकं कपाटाच्या मापाने नाही, विटेच्या सोयीने पाडता येतात. मऊ विटेत ड्रिलचा हॅमर (ठोके देणं) बंद ठेवून आधी ६ मिमी, मग १० मिमीचा बिट. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत ड्रिल लावू नका.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पट्टीच लावतो. आज ठोकून विटांच्या रेषा पेन्सिलने आखल्या, सहा भोकं विटेच्या मध्यावर येतात. सुतारांनाही ती २ मिमीची गोष्ट भोकात खिळा घालून दाखवली, ते लांब स्क्रूला तयार झाले. एकच राहिलं: पट्टीच्या डाव्या टोकाला १५ सेंमीवर खिडकीची कड आहे. तिथलं शेवटचं भोक किती आत घेऊ?

प्रतिसाद १

कडेची अर्धी वीट सोडून पुढच्या अख्ख्या विटेत घ्या. पट्टीचं टोक थोडं मोकळं राहिलं तरी चालेल.